पडद्याची खालची बाजू

तिला लहानपणापासून सगळे भिंगरीच म्हणायचे. नाव आत्याने ठेवलेलं. पोरगी रांगायला लागली ती दाराच्या दिशेने आणि चालायला लागली ती थेट रस्त्यावर. तेव्हा आत्या म्हणाली होती, "हिच्या पायाला भिंगरी आहे. हिला बांधून ठेवायच्या भानगडीत पडू नका, दोरीच तुटेल." मोठी झाल्यावर दोरी तुटायचा प्रश्न आला नाही, पण नोकऱ्या सुटल्या बऱ्याच. टायपिंगच्या दुकानातली सुटली, तिकिटांच्या ऑफिसातली सुटली, एका चष्मेवाल्याची वेबसाइट सांभाळायची, तीही सुटली. कुणी काढून टाकलं असं नव्हे. उलट कामाला ती वाघ होती. पण काम एकदा मार्गी लागलं, रोजच्या रोज तेच ते सुरू झालं, की तिचं बूड खुर्चीला टेकेना. मग ती घरातलं कपाट सरकवायची, पलंग फिरवायची आणि तरीही चैन पडलं नाही तर राजीनामा द्यायची.

नवरा नेमका उलटा. ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव बघायचा आणि ज्या खुर्चीत पहिल्या दिवशी बसला तिच्यातच अजून बसलेला होता. शेजारीण म्हणायची, "तुमची जोडी लावताना एकाचं इंजिन काढून दुसऱ्याला बसवलेलं दिसतंय."

अशी ही भिंगरी पडद्यांच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे काय, वरच्या मजल्यावर कापडावर छापायचं एक लांबलचक मशीन, शिवणाच्या दोन मशिनी, कापडाचे उभे गठ्ठे. आणि खाली ऑफिस. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. ताईंच्या डोक्यात एक कल्पना होती. गिऱ्हाइकाने घरबसल्या आमच्या वेबसाइटवर यावं, आपले फोटो घ्यावे, हवे तिथे पडद्यावर मांडावे, वर चार अक्षरं लिहावी, की आम्ही तसाच पडदा छापून, शिवून घरी पाठवू. त्यासाठी त्यांनी एक तयार प्रोग्रॅम विकत घेतला होता. पण तो बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फोटो छापायचे चहाचे कप होते. त्यात मांडणीची जागा होती बुटकी आणि चौकोनी. पडदा तर छतापासून जमिनीपर्यंत.

"एवढं फक्त पडद्याच्या मापाला बसवून दे," ताई म्हणाल्या.

भिंगरीला आयतंच रान मिळालं. घरातलं फर्निचर हलवणारी बाई, तिला इथे कुणी अडवणारंच नव्हतं. तिने फोटोंचा कप्पा डावीकडे नेला, अक्षरांचा उजवीकडे, रंगांची पट्टी वर टांगली. 'खरेदी करा' हे बटण उजव्या कोपऱ्यात वरच ठेवलं, चटकन सापडावं म्हणून. सेटिंगमध्ये दोन रकाने होते, एक रुंदीचा, एक उंचीचा. उंचीच्या रकान्यात आकडा वाढवत वाढवत तिने पडदा असा लांब केला, की ऑफिसातल्या त्या दारासारख्या मोठ्या स्क्रीनवर तो वरपासून खालपर्यंत ऐटीत उभा राहिला.

"वा!" ताई म्हणाल्या. "अगदी खिडकीत लटकल्यासारखा."

ऑर्डरी येऊ लागल्या. पडदे छापून शिवायला जात, तिथे शिलाईच्या मावशी त्यांना कडा घालत. एक दिवस मावशी चहा पिता पिता म्हणाल्या, "हल्ली ही नवीनच फॅशन आलीय वाटतं. वर सगळी गर्दी, खाली ठणठणाट."

खरंच होतं ते. जो तो पडदा असाच येत होता. बारसं झालेलं बाळ वर, सहलीचे फोटो वर, कुत्रा वर, आणि कमरेखाली कापड कोरं. ताईंनी तर त्याचं कौतुकच केलं. जाहिरातीत ओळ टाकली, 'वर आठवणी, खाली मोकळीक.' ती लोकांना आवडलीसुद्धा. भिंगरीच्या मनात एकदा पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण तोवर काम मार्गी लागलं होतं, आणि काम मार्गी लागलं की तिचं काय व्हायचं ते सांगून झालंच आहे. ती दुसऱ्या नोकरीच्या जाहिराती वाचायला लागली होती.

अशातच एक फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, पण खणखणीत.

"पडदा मिळाला तुमचा. छपाई छान आहे. पण मला खाली फोटो लावायचे होते, ते वर लागले."

"काका, तुम्ही जिथे लावाल तिथेच छापले जातात. तुम्ही वर लावले असतील."

"वरच लावले. काय करणार? तुमच्या पडद्याला खालची बाजूच नव्हती."

भिंगरीला हसू आलं. "असं कसं होईल? खालची बाजू नसलेला पडदा असतो का?"

"तेच तर मी विचारतोय," म्हातारा म्हणाला. "तीस वर्षं बस चालवली मी, बाई. रस्ता संपला की संपला, हे मला कळतं."

तिने समजावून पाहिलं, पान खाली सरकवा म्हणाली. तो म्हणाला, माउसचं चाक फिरवलं की पान सरकत नाही, फोटोच फुगतो. ती म्हणाली, तुमचा कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा. तो म्हणाला, "केला. आता तुमचा करून बघा." आणि त्याने फोन ठेवला.

तिने समोरच्या स्क्रीनवर पडदा उघडला. खालची बाजू होती की ढळढळीत! म्हाताऱ्याला जमत नसेल, आणखी काय. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. घरी गेली, नवऱ्याला सगळं ऐकवलं, उठून पाणी प्यायली, परत ऐकवलं.

"तुला काय खुपतंय?" नवऱ्याने विचारलं.

"बस चालवणारा माणूस. तो काय उगीच म्हणेल, रस्ता नाही म्हणून?"

"मग जाऊन बघ. इथे फेऱ्या मारून तो रस्ता थोडाच दिसणार आहे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पत्ता काढून ती गेली. बस डेपोच्या मागच्या वसाहतीत तळमजल्यावरचं घर होतं. दार ड्रायव्हरकाकांनीच उघडलं. आतल्या खोलीत खिडकीला लागून पलंग, पलंगावर त्यांची बायको. मणक्याच्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली होती. मान एका बाजूला वळायची तेवढीच, वर बघता येत नव्हतं. आणि शेजारच्या मोठ्या खिडकीत तो पडदा. वरच्या अर्ध्या भागात दाटीवाटीने फोटो आणि तिच्या डोळ्यांसमोर येत होता तो भाग कोरा.

फोटो माणसांचे नव्हते, बस थांब्यांचे होते. भिंगरी बघतच राहिली.

"आमचा रूट आहे," काकांनी सांगितलं. "मी ड्रायव्हर, ही कंडक्टर. याच रूटवर लग्न जमलं म्हणा ना! हिला आता बाहेर नेता येत नाही, तर म्हटलं रूटच घरात आणू. पायी फिरून एकेका थांब्याचा फोटो काढला."

"आणि टांगला छताला," पलंगावरून बाई बोलल्या. आवाजात दम नव्हता, पण धार होती. "पालींना तिकीट द्यायचं असेल यांना."

भिंगरी म्हणाली, "काकू, मी बघते काय झालंय ते."

"बघा. हे म्हणतात खालची बाजूच नाही. चाळीस वर्षं ऐकतेय यांच्या सबबी, पण ही नवीनच होती."

काकांनी आपला लॅपटॉप आणला. भाच्याने वापरून सोडलेला, स्क्रीन जेमतेम ताटाएवढी. डोळ्यांना त्रास होतो म्हणून अक्षरं मोठी करून ठेवलेली. त्यांनी वेबसाइट उघडली आणि भिंगरी स्क्रीनवर वाकली. वर रंगांची पट्टी, डावीकडे फोटो, उजवीकडे अक्षरं, आणि मधल्या फटीत पडद्याचा वरचा तुकडा. तो स्क्रीनच्या तळाशी येऊन कापल्यासारखा संपला होता. खाली काही असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. तिने चाक फिरवलं, तर फोटो फुगला. आणि 'खरेदी करा' वर कोपऱ्यात चकाकत होतं. त्यासाठी खाली जायची कुणाला गरजच नव्हती.

म्हणजे ती फॅशन नव्हतीच. लोकांना पडदा अर्धाच दिसत होता, म्हणून त्यांनी अर्धाच सजवला होता. ऑफिसात ती स्क्रीन दारासारखी, म्हणून तिला कधी कळलं नाही.

परत येताना बसमध्ये रिकामी जागा असूनही ती उभी राहिली.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वर आठवणी, खाली मोकळीक."

"हो, ताई."

"मीच लिहिलं ते."

"हो, ताई."

"ते आधी काढ. आणि मग एकेकाला फोन लाव."

फोन लावले तर निम्म्या लोकांनी उलटंच ऐकवलं. आम्हाला असाच आवडलाय, उगाच हात लावू नका. एका बाईंनी तर खालचं कोरं कापड कापून उशांना अभ्रे शिवले होते. ज्यांना नको होता त्यांचे पडदे पुन्हा छापून द्यायचं ठरलं. शिलाईच्या मावशी तेवढ्या हिरमुसल्या. त्यांनी भाचीच्या घरी त्याच फॅशनचा पडदा स्वतः शिवून दिला होता.

भिंगरी कामाला भिडली. उंचीच्या रकान्यातला तो दिमाखदार आकडा तिने पुसला आणि पडद्याची उंची ज्याच्या त्याच्या स्क्रीनला बांधून टाकली. स्क्रीन ताटाएवढी असो की दाराएवढी, पडदा वरपासून खालच्या काठापर्यंत दिसलाच पाहिजे. चाक फिरवल्यावर फोटो फुगणं बंद केलं. फोनवर कप्पे बाजूला न ठेवता पडद्याच्या खाली नेले, बोटाला लागतील एवढे मोठे करून. हे सरकव, ते फिरव, परत बघ. नवऱ्याचा फोन, शेजारणीचा फोन, मावशींचा तडा गेलेला फोन, जो हाती लागेल त्याच्यावर ती पडदा उघडून बघायची. जेवता जेवता उठायची. नवऱ्याशी बोलता बोलता गप्प व्हायची. आणि दर एक-दोन दिवसांनी ड्रायव्हरकाकांचा फोन ठरलेला.

"झाली का खालची बाजू?"

"होतेय, काका. दमाने घ्या."

"मी घेईन हो. पलंगावरची बाई विचारते, गाडी का थांबलीय म्हणून."

शेवटी एकदाचं जमलं. आता पडदा सगळ्यांना पूर्ण दिसत होता. ताईंनी पेढे नाहीत तरी बिस्किटं वाटली. आठवडाभराने वरच्या मजल्यावरून मावशींची हाक आली, "अगं, जरा वर ये. मला एकटीला भीती वाटतेय."

मशीनमधून एक पडदा बाहेर येत होता. आधी टक्कल आलं, मग कपाळ, मग भुवया. भुवयाच हातभर. नाक आलं तेव्हा मावशी चार पावलं मागे सरकल्या. कुणाचे तरी आजोबा होते. पडदाभर एकटेच, हनुवटी खालच्या काठावर टेकलेली. त्याच्यामागून नवरा-नवरी आली, दोघांचे दात विटांएवढे. आणखी एका घरून तक्रार आली, की मूल दुपारी झोपेतून उठलं आणि खिडकीत आपलंच तोंड बघून असं किंचाळलं की शेजारी धावत आले.

एकीकडे टाका घालावा तर दुसरीकडे फाटावं, तसं झालं होतं. पूर्ण पडदा छोट्या स्क्रीनवर मावायचा म्हणजे तो बोटाएवढा दिसणार. बोटाएवढ्या पडद्यावर फोटो मुंगीएवढा. लोक तो ओढून ओढून मोठा करत, जरा बरा दिसेपर्यंत. आणि छापून आला की राक्षस. माप खाली लिहिलेलं होतं, पण माप वाचतंय कोण?

भिंगरीला वाटलं, आता पुरे. इतके दिवस रात्रीचा दिवस करून जीव आटवला, तरी हे आहेच. तिने त्या दुपारी खरंच राजीनामा लिहायला घेतला. दोन ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीला अडकली, कारण डोक्यात भलताच प्रश्न घोळत होता. आजोबांचं डोकं केवढं आहे हे मावशींना बघितल्याबरोबर कसं कळलं? मावशी शेजारी उभ्या होत्या म्हणून!

ती एक पडदा बगलेत मारून घरी गेली, खिडकीत लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "ऊठ, इथे उभा राहा."

"कशाला?"

"फोटो काढायचाय. हलू नकोस."

"मी कधी हलतो?" नवरा म्हणाला. "तूच हलतेयस. बघ, हात बघ तुझा."

त्याने तिच्या हातातून फोन घेतला, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा केला, वेळ लावून बटण दाबलं आणि पुन्हा पडद्याशेजारी जाऊन शांत उभा राहिला. त्या फोटोवरून तिने त्याची नुसती राखाडी आकृती कापून काढली. पोट आत घे म्हणाली होती, ते त्याने ऐकलं नव्हतं. ती आकृती तिने वेबसाइटवर पडद्याच्या बाजूला उभी केली, पडद्याच्या मापातच. पडदा लहान दिसला की माणूसही लहान दिसणार, मोठा झाला की माणूसही मोठा. फोटो फुगवायला गेलं की कळायचं, अरे, आजोबांचं नाक या माणसाच्या छातीएवढं झालंय. राक्षस यायचे थांबले. एका गिऱ्हाइकाने तेवढं विचारलं, की बाजूच्या गृहस्थांना थोडा व्यायाम सांगाल का. नवऱ्याने ते ग्रंथालयात सगळ्यांना हसत हसत सांगितलं. एरवी तिथे सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नसायचं.

मग ती ड्रायव्हरकाकांकडे गेली.

"करून देते मी," ती म्हणाली.

"नको," पलंगावरून काकू म्हणाल्या. "गाडी यांना चालवू दे. तुम्ही बसा."

काकांनी लॅपटॉप पलंगाच्या कडेवर अशा बेताने ठेवला, की काकूंना कुशीवरून दिसावं. पडदा उघडला. पूर्ण, खालच्या काठासकट. काकांनी पहिला फोटो धरला आणि ओढत ओढत खाली आणायला लागले. मध्येच तो निसटला. परत धरला. भिंगरीचा हात आपोआप पुढे गेला. काकूंनी नुसतं बघितलं, तसा तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं. तो म्हातारा फोटो भलतीकडे नेत होता, सोडत होता, चष्मा पुसत होता. हिच्या बोटांना मुंग्या आल्या.

"डेपो सगळ्यात खाली," काकू सांगत होत्या. "हं. त्याच्यावर शाळा."

"शाळा नाही, पाण्याची टाकी."

"शाळा. टाकीपाशी तुम्ही थांबायचाच नाहीत. पोरं धावत यायची मागून."

"एकदा नाही थांबलो."

"रोज! तक्रारी माझ्याकडे यायच्या."

भांडत भांडत रूट वर चढत गेला. शेवटचा थांबा आला तेव्हा तो पडद्याच्या मध्यापर्यंतच पोचला होता. वर बरीच जागा शिल्लक राहिली. काका म्हणाले, "वर काय लावू?"

"काही नको," काकू म्हणाल्या. "वर मला कुठे दिसतंय? राहू दे कोरं."

पडदा छापून शिवून झाला तो भिंगरी स्वतःच घेऊन गेली. काकांनी स्टुलावर चढून तो लावला. काकूंनी खालपासून एकेक थांबा डोळ्यांनी पुढे सरकत बघितला. मध्येच एका ठिकाणी थबकल्या. भिंगरी पुढे झाली, आता इथे काय चुकलं?

"हा फळवाला अजून तिथेच बसतो?" काकूंनी विचारलं.

"तो गेला गं. त्याचा मुलगा आहे तो."

"बापासारखाच दिसतो," एवढं म्हणून त्या पुढच्या थांब्यावर गेल्या. भिंगरीला त्या 'छान झालाय' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. चहा मात्र पिऊनच जा म्हणाल्या. भिंगरीने तो उभ्या उभ्याच प्यायला.

तिने नोकरी सोडली नाही. त्या खेपेला तरी नाही. ताईंकडे मात्र एक मागणं मागितलं, की आठवड्यातला एक दिवस मला ऑफिसात बसवू नका, गिऱ्हाइकांच्या घरी जाऊ द्या. ताई आधी म्हणाल्या, लोक काय म्हणतील, यांची माणसं घरात घुसतात. मग त्या जुन्या जाहिरातीची आठवण झाली असावी, कारण त्या एकदम म्हणाल्या, "जा." तेव्हापासून भिंगरी जाते. लोकांच्या स्वयंपाकघरात, दुकानाच्या गल्ल्यामागे, एकदा तर एका बाईच्या बंद पडलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून तिने पडदा बनताना बघितला. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, हे तिला अजूनही धड जमत नाही. आल्यावर ती पाच-सहा गोष्टी बदलते, त्यातली एखादी दुसऱ्याच दिवशी परत होती तशी करते.

परवा ताईंनी नवीन काढलंय, गोल टेबलक्लॉथ. गोलाला वर कुठलं आणि खाली कुठलं, यावर सध्या घरात वाद चालू आहे. नवरा म्हणतो, जो जिथे बसेल त्याची ती खालची बाजू. भिंगरीला ते पटलंय, पण ते स्क्रीनवर कसं दाखवायचं हे काही केल्या सुचत नाही, आणि कालपासून ती टेबलाभोवती फिरतेय.